दोन सालिम आणि पास्कलभाऊ

फिलोमिनावहिनींचा फोन आला तेव्हा सकाळचे दहा वाजायचे होते. रमजानचे दिवस, त्यामुळे ऑफिसातली चहाची किटली बंद, सगळे जरा दबक्या आवाजात बोलणारे. "वंदना, पास्कल गेला गं," वहिनी म्हणाल्या आणि मग पलीकडून नुसता पंख्याचा आवाज येत राहिला... मस्कतच्या गाला भागातल्या गोदामात, कामावर पोचल्यावर दहा मिनिटांत. छातीत कळ आली म्हणून एका खोक्यावर बसले, पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत सगळं संपलं. छप्पन्न वर्षांचे होते. पार्थिव वसईला पाठवायच्या कागदपत्रांत पुढचे चार दिवस गेले. त्या धावपळीत माझा नवरा दिलीप होता आणि मी वादी अदाई भागातल्या त्यांच्या घरी वहिनींजवळ बसून होते. लोक येत होते, हळहळत होते, 'देवमाणूस' म्हणत होते. पास्कलभाऊ आणि मी मिळून एक गोष्ट दहा वर्षं लपवली होती आणि ती ठाऊक असलेली मी आता एकटीच उरले होते. आज सहा आठवड्यांनी ती लिहायला बसले आहे.

लग्न होऊन मी चिंचवडहून मस्कतला आले ती नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. दार्सैतला दोन खोल्यांचं घर, दिलीप दिवसभर कामावर, आणि माझ्याकडे पुण्याच्या एका क्लासचं कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट. रुवीजवळच्या एका खाजगी इस्पितळात डेटा एंट्रीला माणूस हवा होता. त्या इस्पितळाचं नाव लिहीत नाही, ते आता राहिलेलंही नाही. तिथला कॉम्प्युटर विभाग म्हणजे तळमजल्यावरची एक बिनखिडकीची खोली आणि त्या खोलीत बसलेले पास्कल घोन्साल्विस. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं, कपाळावर सरकवलेला चष्मा. "नाव पास्कल, पण कॉम्प्युटरची पास्कल लँग्वेज मला येत नाही," हा विनोद ते प्रत्येक नव्या माणसाला ऐकवत. मी मराठी आहे हे कळल्यावर त्यांचा चेहरा खुलला. "बरं झालं, बाय. दिवसभर हिंदी, इंग्रजी, मल्याळम ऐकून माझे कान किटलेत." पहिला आठवडा मी त्यांना सर म्हणत होते. दुसऱ्या आठवड्यापासून ते पास्कलभाऊ झाले.

इस्पितळात तेव्हा प्रत्येक विभागाची वेगळी फाइल होती. पेशंटचं नाव, पत्ता, फोन रिसेप्शनच्या फाइलमध्ये, तेच पुन्हा लॅबच्या फाइलमध्ये, तेच एक्सरेच्या, तेच फार्मसीच्या. मी रुजू झाले त्याच सुमारास एक बाई घर बदलून रुवीहून दुसरीकडे राहायला गेल्या. नवा फोन रिसेप्शनला दिला, पण लॅबच्या फाइलमध्ये जुनाच राहिला. त्यांच्या स्तनातल्या गाठीचा रिपोर्ट आला होता आणि लॅबवाले तीन आठवडे एका रिकाम्या घरात फोन वाजवत बसले होते. पास्कलभाऊंनी मला तो रिपोर्ट दाखवला आणि म्हणाले, "पत्ता कोणाचा असतो? माणसाचा. रिपोर्टाला पत्ता असतो का? मग तो रिपोर्टात लिहायचाच कशाला? एक गोष्ट, एक जागा. बाकी सगळ्यांनी तिथे येऊन बघायचं." माझं डेटाबेसचं शिक्षण असं सुरू झालं. माणसांचं एक टेबल, म्हणजे एक तक्ता, भेटींचं एक, तपासण्यांचं एक, औषधांचं एक, आणि या सगळ्यांना बांधणारा एक नंबर. ज्या नंबरचा माणूसच टेबलात नाही, त्याच्या नावावर मशीनने रिपोर्ट घ्यायचाच नाही. आधी माणूस, मग त्याचा रिपोर्ट.

तो नंबर त्यांच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा. एकदा ते मला रेकॉर्डच्या खोलीत घेऊन गेले आणि एक ड्रॉवर ओढून म्हणाले, वाच. स्वतःचं नाव, बापाचं नाव, आजोबांचं नाव... तिन्ही जुळणारी कार्डं एकाला एक लागून ठेवलेली. "मग जन्मतारखेवरून ओळखायचं," मी म्हणाले. ते हसले. "तारखा बघ." म्हाताऱ्या माणसांच्या कार्डांवर जवळजवळ सगळीकडे एक जानेवारी. ही माणसं जन्मली तेव्हा कोणी तारीख लिहून ठेवत नव्हतं. पुढे पासपोर्ट काढताना कारकुनाने अंदाजाने वर्ष घातलं आणि पुढे एक जानेवारी ठोकून दिली. "नावावर माणूस ओळखायचा नसतो, बाय. तारखेवर तर नाहीच."

आणि रिकाम्या चौकोनाचं सांगायचे. माझ्या एंट्रीत एखादी माहिती नसली की मी तिथे 'नाही' भरत असे. त्यांनी मला थांबवलं. "मी तुला विचारलं, जेवलीस का? तू काही बोलली नाहीस. मग मी काय लिहू, वंदना जेवली नाही? अगं, मला माहीत नाही, एवढंच खरं ना! रिकामं म्हणजे 'नाही' नव्हे. रिकामं म्हणजे आपण विचारलेलंच नाही." मी मान डोलावली. मला ते समजलं होतं. मी हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे जे झालं त्यात मला समजलं नव्हतं म्हणायची सोय मला नाही.

तीन-चार वर्षांनी इस्पितळाने सगळं नव्या सिस्टिमवर न्यायचं ठरवलं. टेबलं पास्कलभाऊंनीच आखली होती, सुंदर आखली होती. अडचण जुन्या डेटाची होती. कार्ड हरवलं की लोक नवं काढत, त्यामुळे एकेका माणसाचे दोन-दोन, तीन-तीन नंबर झाले होते. ते एक करणं भाग होतं. प्रत्येक जोडी जुनी कार्डं हातात घेऊन, फोन करून तपासायची असं पास्कलभाऊंचं म्हणणं. त्यांनी तीन महिने मागितले. नव्या इमारतीचं उद्‌घाटन ठरलेलं होतं, मॅनेजरने दोन आठवडे दिले. "इन्शाल्ला कुछ नहीं होगा," मॅनेजर म्हणाला. पास्कलभाऊंनी लेखी हरकत घेतली, आणि तिसऱ्या दिवशी प्रोग्राम लिहिला. तिन्ही नावं आणि जन्मतारीख जुळली की तो एकच माणूस धरायचा, आणि सगळ्यात नव्या कार्डावरची माहिती ठेवायची. खाली सही केली. नोकरी सोडून जाऊ शकले असते, असं मला नंतर एकाने ऐकवलं. आखातात राहिलेला माणूस असं म्हणणार नाही. व्हिसा, घर, मुलीची शाळा, सगळं त्या एका सहीला बांधलेलं असतं.

त्याच आठवड्यात मॅनेजर माझ्याकडे आला. डॉक्टरांच्या स्क्रीनवर बरेच चौकोन रिकामे दिसत होते, ते पाहुण्यांसमोर बरं दिसणार नाही म्हणाला. "ॲलर्जी का बॉक्स देखो, सब खाली. उधर कुछ लिखो." मी प्रोग्रामची एक ओळ लिहिली. ॲलर्जीचा चौकोन रिकामा असेल तर स्क्रीनवर 'नाही' दाखव. पाच मिनिटांचं काम. पास्कलभाऊ तेव्हा डोकं वर काढत नव्हते, म्हणून त्यांना सांगितलं नाही... असं मी स्वतःला सांगत आले आहे. खरं म्हणजे ते नको म्हणतील, हे मला ठाऊक होतं.

सात-आठ महिने काहीच झालं नाही. मग एका सकाळी किनाऱ्यावरच्या बरका गावाहून सालिम नावाचे एक वयस्क मच्छीमार आले. होडीच्या नांगराच्या गंजक्या टोकाने पाय फाटला होता, जखम चिघळून ताप चढला होता. मुलगा त्यांना दारात उतरवून गाडी लावायला गेला. सालिम तापात अर्धवट शुद्धीत. नर्स लिसीने स्क्रीन पाहिला. ॲलर्जी : नाही. डॉक्टरांनी पेनिसिलिन सांगितलं, लिसीने इंजेक्शन दिलं. मुलगा आत आला तेव्हा त्यांचे ओठ काळेनिळे झाले होते. तो ओरडत होता की बाबांना हे इंजेक्शन चालत नाही, तुमच्याच कार्डावर लाल शाईने लिहिलंय! पंधरा-वीस मिनिटांत सालिम गेले.

दुपारी पास्कलभाऊंनी जुन्या सिस्टिमच्या डेटाची राखून ठेवलेली टेप लावली. मी त्यांच्या मागे उभी होते. स्क्रीनवर दोन ओळी आल्या. दोन सालिम, तेच वडिलांचं नाव, तेच आजोबांचं, दोघांची तारीख एक जानेवारी, वर्षही तेच. एक बरक्याचा, त्याच्यापुढे पेनिसिलिन लिहिलेलं. दुसरा सूर गावाकडचा, वर्षापूर्वी डोळे तपासायला येऊन गेलेला, त्याला ॲलर्जीचं कोणी विचारलंच नव्हतं. पास्कलभाऊंच्या प्रोग्रामने दोघांचा एक माणूस केला होता, नव्या कार्डाचा रिकामा चौकोन ठेवला होता, आणि त्या रिकाम्या चौकोनावर माझ्या ओळीने 'नाही' लिहिलं होतं. त्यांनी त्या दोन ओळींवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "तू घरी जा. अशा दिवसांत एवढं उभं राहू नये." मला चौथा महिना होता. मी गेले.

दुसऱ्या दिवशी आले तर डॉक्टरांच्या स्क्रीनवर ॲलर्जीच्या रिकाम्या चौकोनात वेगळे शब्द दिसत होते : माहीत नाही, विचारा. माझी ओळ पुसलेली होती. मी पास्कलभाऊंकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्याच वेळी मॅनेजर आत आला आणि त्यांना जुनी टेप कोरी करायला सांगू लागला. "दवा का रिॲक्शन हुआ, अल्ला की मर्जी. यल्ला, चलो, खलास करो ये बात." पास्कलभाऊ उठून उभे राहिले. टेप त्यांच्या हातात होती. म्हणाले, "साहेब, हा माणूस मी एकदा पुसलाय. दुसऱ्यांदा पुसणार नाही." हे ते मराठीत बोलले. मॅनेजरला शब्द कळले नसतील, अर्थ कळला.

त्या शुक्रवारी ते मला म्हणाले, "बरक्याला जायचंय. येतेस का, बाय? एकट्याला धीर होत नाही." त्यांच्या गाडीतून आम्ही दोघं गेलो. सालिमचं घर समुद्राजवळ होतं. अंगणात जाळी वाळत घातलेली, माशांचा वास, मागे खजुरीची झाडं. मला बायकांच्या खोलीत नेलं. सालिमची बायको भिंतीला टेकून बसली होती. तिने माझ्या पोटाकडे पाहिलं, आणि खजुराची थाळी माझ्याकडे सरकवली. बाहेर मुलाला हिंदी येत होती, म्हणून तिथलं बोलणं मला आतून सगळं कळत होतं. पास्कलभाऊंनी काही लपवलं नाही. दोन माणसं मी एक केली, माझी चूक आहे, असं सरळ सांगितलं. मग मुलगा म्हणाला, "उन्होंने बोला था कॉम्प्युटर की गलती है. मैं सोचा, चलो, मशीन है. अभी तुम आ गया... अभी मैं गुस्सा किधर रखेगा?" पास्कलभाऊ म्हणाले, "मेरे ऊपर." मी आतल्या खोलीत खजूर हातात धरून बसले होते. उठून दारात जायचं, एवढंच करायचं होतं. मी उठले नाही.

चौकशी इस्पितळातल्या इस्पितळातच झाली. लिसी रडत रडत एकच सांगत राहिली की स्क्रीनवर 'नाही' होतं. चौकशी करणाऱ्यांनी तिला स्क्रीन दाखवला. तिथे लिहिलेलं होतं : माहीत नाही, विचारा. मग तू का विचारलं नाहीस? पास्कलभाऊ मध्ये पडले, नर्सचा काही दोष नाही, रेकॉर्डच चुकीचं होतं, ते मी केलं, असं तीन-तीनदा म्हणाले. पण स्क्रीन बदलला हे त्यांनी सांगितलं नाही. मला विचारलं तेव्हा मी म्हणाले, आधी काय होतं ते मला आठवत नाही. महिन्याभरात पास्कलभाऊंचा व्हिसा रद्द झाला. लिसीचाही. ती केरळला गेली. चोवीस वर्षांची होती, साखरपुड्याच्या अंगठीची खूण नुकती बोटावर उमटली होती. पुढे तिला कोणी नोकरी दिली का, लग्न झालं का, मला माहीत नाही. मी त्याच खोलीत, त्याच खुर्चीवर बाळंतपणाच्या रजेपर्यंत काम करत राहिले.

दोन-अडीच वर्षांनी पास्कलभाऊ ओमानला परत आले. गाला भागात गाड्यांच्या सुट्या भागांच्या एका गोदामात, पूर्वीपेक्षा बऱ्याच हलक्या जागेवर. एक मोठा दवाखाना त्यांना घ्यायला तयार होता, हे मला वहिनींकडून कळलं. ते गेले नाहीत. "फिल्टर आणि बेल्ट सांभाळतो," म्हणाले. "एखादा इकडचा तिकडे गेला तर गाडी बंद पडेल. माणसांचं आता माझ्याच्याने होणार नाही." नाताळला आम्ही त्यांच्याकडे जायचो, दिवाळीला ते आमच्याकडे. माझ्या लेकीला, ईशाला मराठी वाचता येत नाही म्हणून ते तिच्याशी हट्टाने मराठीत बोलत, ती इंग्रजीत उत्तरं देई आणि दोघंही खूश असत. त्या दुपारबद्दल आम्ही एक अक्षर काढत नव्हतो. ती आमच्या दोघांच्या मध्ये असायची, सणासुदीलाही.

यंदा मे महिन्यात त्यांना एकदा बरं नव्हतं म्हणून भेटायला गेले. वहिनी खाली सामान आणायला गेल्या होत्या. मी अचानक म्हणाले, "पास्कलभाऊ, ती ओळ माझी होती."

"मला काय ठाऊक नाही?" ते म्हणाले. "तुझा कोड मी ओळखणार नाही?"

मग ते खिडकीकडे वळले. "टेप पुसू दिली नाही याचा मला केवढा अभिमान होता, बाय. बरक्याला जाऊन आलो तर वाटलं, देवापुढे उभं राहता येईल. आणि त्याच्या काही दिवस आधीच तुझी ओळ मीच पुसली होती... तुझं पोट बघितलं आणि हात आपोआप चालला. लिसीवर येईल हे तेव्हा डोक्यात आलं नाही. पण नंतर आलं ना? चौकशीत आलं. ती पोरगी खरं बोलत होती आणि आपण दोघं गप्प बसलो."

मी रडत होते. त्यांनी मला गप्प केलं नाही. "तीन पत्रं पाठवली तिला," ते म्हणाले. "सगळं लिहिलं, फक्त तुझं नाव सोडून. उत्तर आलं नाही. पोचली की नाही, वाचली की फाडली... काही माहीत नाही." मग वहिनींची पावलं वाजली आणि त्यांनी विषय बदलला. ती आमची शेवटची नीट भेट.

वहिनी वसईहून परत आल्या त्या घर आवरायला. मागच्या आठवड्यात त्यांना मदत करायला गेले होते. कपडे बांधले, पुस्तकं खोक्यात भरली. मग वहिनींनी चर्चचं एक पाकीट काढलं. नोव्हेंबर महिन्यात मृतांसाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, होते, त्यासाठी घरातल्या गेलेल्या माणसांची नावं लिहून द्यायची असतात. "हे दरवर्षी पास्कल लिहायचा," त्या म्हणाल्या. "मला लिहवत नाही. तू लिही." गेल्या वर्षीचा कागद त्यांनी समोर ठेवला, बघून उतरवायला. पास्कलभाऊंच्या आईचं नाव, वडिलांचं, वहिनींच्या भावाचं. आणि चौथं नाव सालिम, पुढे त्याच्या वडिलांचं, पुढे आजोबांचं, शेवटी बरका. वसईच्या नावांच्या खाली, त्याच ठसठशीत अक्षरात. "फादर पहिल्या वर्षी विचारत होते, हा कोण," वहिनी म्हणाल्या. "पास्कल म्हणाला, आमच्या घरचाच आहे."

मी चारही नावं उतरवली. मग पेन खाली ठेवलं आणि वहिनींना सांगितलं. ती ओळ, ती दुपार, लिसी, बरक्याच्या आतल्या खोलीतला तो खजूर, सगळं. त्यांच्या नवऱ्याची नोकरी गेली, मुलीची शाळा सुटली, आणि ते कोणाला वाचवण्यासाठी गप्प राहिले, ते मी इतकी वर्षं त्यांच्या हातचं जेवून त्यांना सांगितलं नव्हतं. वहिनींनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. माझं संपलं. रस्त्यावरून पाण्याचा टँकर गेला, त्याचा आवाज पार विरेपर्यंत आम्ही तशाच बसलो होतो. त्यांनी मला माफ केलं का, ते मला माहीत नाही, आणि विचारायचा मला हक्क नाही.

अखेर त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला.

"पास्कलचं नाव राहिलं," त्या म्हणाल्या. "सालिमच्या खाली लिही."